चरबीची वडी आणि वाळका आंबा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशीच्या आरतीनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा दोघांना मिळून एकच भाषण करायला सांगितलं आहे. तेव्हा माईक एकाच्या हातात असला तरी बोलणं दोघांचं समजा, आणि मधेच एकाने दुसऱ्याची चूक दुरुस्त केली तर ते घरगुती भांडण समजू नका. बोरगावात हल्ली आम्हाला ‘कठफोड़वावाले’ म्हणतात हे आमच्या कानावर आलं आहे. म्हणून विषयही तोच मिळाला : परसात सुतार पक्षी यावा म्हणून काय टांगावं आणि त्यात काय भरावं. विषय हलकाफुलका वाटतो. पण त्याच्या मुळाशी आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

पण आधी अमेरिका. कारण ‘सुएट’ हा शब्द आम्ही तिथेच ऐकला.

आमची लेक मिशिगनला असते. एका हिवाळ्यात आम्ही तिच्याकडे होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, झाडावर एक पान नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर साखळीला एक तारेचा चौकोनी पिंजरा लटकलेला. पिंजरा म्हणजे केवढा? आपला अंगणात कपडे वाळवायचा चिमटा ठेवतो ना, त्या छोट्या टोपलीएवढा. त्यात साबणाच्या मोठ्या वडीसारखी पांढरट वडी. आम्हाला वाटलं खोबऱ्याची असेल. लेक म्हणाली, ‘आई, ती चरबी आहे. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी.’ आम्ही दोघंही दोन पावलं मागे सरलो. जावईबापू हसत म्हणाले, ‘पक्ष्यांना सोवळं नसतं.’

ते खरंच होतं. त्या थंडीत किडे-अळ्या सालीखाली खोल दडून बसतात. रात्रीचं तापमान शून्याच्या खाली दहा-पंधरा अंशांवर जातं, दिवस आखूड असतो, आणि चिमणीहून थोडासाच मोठा असलेला डाऊनी नावाचा सुतार पक्षी ती रात्र काढतो ती दिवसा पोटात गेलेल्या अन्नाच्या उबेवर. चरबीइतकी ऊब दुसऱ्या कशात नाही. म्हणून तिथले लोक ही चरबी वितळवतात, गाळतात, पुन्हा घट्ट करतात. तशी केली की ती लवकर खवट होत नाही. मग त्यात शेंगदाणे, मका घालून वड्या पाडतात. दुकानात तयारही मिळतात.

पिंजऱ्याची रचना आम्हाला फार आवडली. सुतार पक्ष्याची शेपटी ताठ पिसांची असते. तो झाडाला उभा चिकटतो तेव्हा दोन पाय आणि तिसरी शेपटी, अशी ती तिवई होते. म्हणून चांगल्या पिंजऱ्याला खाली एक लांब फळी जोडलेली असते, शेपूट टेकायला. काही पिंजरे फक्त खालून उघडे असतात. सुतार उलटा लटकून खातो, आणि स्टार्लिंग नावाचे आपल्या साळुंकीच्या जातकुळीतले हावरट पक्षी उलटं लटकून फार वेळ टिकत नाहीत. पंक्तीत आडदांड पाहुणा आला तर पाटच उलटा करून ठेवायचा, असा तो प्रकार.

दोन महिने आम्ही चहाचा कप हातात धरून त्या खिडकीशी उभे राहिलो. वड्या बदलायचं काम आमच्याकडेच आलं. पहिल्यांदा हातमोजे घालून, नंतर नुसत्या हाताने.

फेब्रुवारीअखेर परत आलो. आता ती चूक.

आमच्या परसात विहिरीजवळ एक जुना आंबा होता. तीन वर्षांपूर्वी तो वाळला. पानं नाहीत, साल सुटलेली, एक फांदी पावसात पडून विहिरीचं कठडं फुटलेलं. घरात सगळ्यांचं मत एकच : काढून टाका. ‘वाळकं झाड दारात ठेवू नये’ हेही कोणी तरी सांगितलंच. होळी आठ दिवसांवर होती. पोरं लाकूड मागायला आलेली. आम्ही दोन माणसं लावली आणि आंबा पाडला.

खोड जमिनीवर आडवं झालं तेव्हा दिसलं की साधारण दोन पुरुष उंचीवर एक भोक होतं. अगदी गोल, गिरमिटाने पाडल्यासारखं. आतून काही तरी गळत होतं. आत गवत नाही, कापूस नाही, नुसता लाकडाचा भुसा, आणि त्यावर तीन अंडी. पांढरीशुभ्र, चकचकीत. दोन फुटली होती. अंधारात घातलेली अंडी कोणापासून लपवायची नसतात, म्हणून त्यांच्यावर ठिपके नसतात, हे आम्ही नंतर वाचलं. त्या वेळी फक्त हात थबकले.

ती सोनपाठी सुताराची जोडी होती. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला पक्षी. पाठ हळदीच्या रंगाची, सोनेरी. नराचा तुरा लालभडक. मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके आणि मागे लाल. उडतो तो वरखाली हेलकावे घेत, आणि खिदळल्यासारखा ओरडतो. त्यांचं अंडं अकराएक दिवसांत फुटतं, आणि पिल्लू वीसएक दिवसांत उडून जातं. म्हणजे महिनाभराचा प्रश्न होता. होळीनंतर महिनाभर तो आंबा उभा राहिला असता तर काय बिघडलं असतं?

पुढचे दोन दिवस ती जोडी येत होती. जिथे खोड होतं, त्या रिकाम्या जागेकडे उडत यायची, वळायची आणि शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी आली नाही.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आज हसू येण्यासारखं आहे, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. मिशिगनची वडी डोक्यात होती. म्हटलं, खायला ठेवू, येतील परत.

जनावराची चरबी आमच्या घरात येणार नव्हती, हे सांगायला नकोच. तेव्हा डालडा. डालडा वितळवला, त्यात शेंगदाण्याचं कूट घातलं, स्टीलच्या डब्यात थापलं आणि तारेच्या जाळीत बांधून कडुनिंबाला टांगलं. महिना चैत्राचा. सकाळी नऊपर्यंत वडी ठीक होती. अकराला ती घामेजली. दुपारी दोनला सगळा डालडा खोडावरून ओघळून खाली आला, मुंगळ्यांची रांग लागली, आणि संध्याकाळी शेजारचा बोका बुंधा चाटताना सापडला. त्या झाडाखालची माती आठवडाभर तुपकट होती.

यात गंमत आहे तसा धोकाही आहे, तो ऐकून ठेवा. वितळलेली चरबी पक्ष्याच्या पिसांना लागली की पिसं चिकटतात. मग ती पाणी अडवत नाहीत, ऊबही धरत नाहीत. आणि सुतार छातीने झाडाला चिकटणारा पक्षी. त्याच्या छातीलाच ते आधी लागणार. अमेरिकेतसुद्धा उन्हाळा चढला की ही वडी काढून ठेवतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. तेव्हा आपल्याकडे चरबीची वडी हा फार तर मार्गशीर्ष-पौषाचा खेळ. खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं दिसलं की समजावं, टांगायला हरकत नाही. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. घरातली बाटली हाच आपला थर्मामीटर.

म्हणून दिवाळीनंतर थंडी पडेपर्यंत थांबलो, आणि या वेळी पिंजरा न घेता ओंडका घेतला. हे नीट सांगतो, कारण विषय मुळात हाच दिला आहे.

कोणाच्या तरी बागेत जुनी संत्र्याची झाडं काढत होते, तिथून दोन फूट लांब, पाच-सहा इंच जाड तुकडा आणला. साल काढायची नाही. सालीवरच तर पक्ष्याची नखं बसतात. त्याला दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी चिमट्यासारखी पकड असते. गावातल्या वाढईकडून गिरमिटाने सहा भोकं पाडून घेतली, प्रत्येक दीड इंच रुंद, दीड इंच खोल, एका रेषेत नाही, सगळ्या बाजूंनी विखुरलेली. बसायला काडी-खुंटी ठोकायची नाही. खुंटी ठोकली की साळुंक्या आणि कावळे मालक होतात. वर एक आकडा, त्याला तार, आणि जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर, मोठ्या झाडाच्या खोडाजवळ टांगायचं. सुताराला मोकळ्यात लटकणाऱ्या वस्तूपेक्षा खोडावरून सरकत येणं सोयीचं वाटतं. भिंतीजवळ टांगू नका. बोक्याची उडी आपल्या अंदाजापेक्षा लांब असते.

भरायचं मिश्रण : एक वाटी डालडा मंद आचेवर वितळवून खाली उतरवा. त्यात एक वाटी शेंगदाण्याचं कूट, दोन वाट्या मक्याचा भरडा आणि अर्धी वाटी ज्वारीचं पीठ. मका आपल्या छिंदवाड्याकडचा, त्याला तोटा नाही. लाडू वळता येतील इतकं निवलं की अंगठ्याने भोकांत दाबून भरायचं. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, फोडणीचं उरलेलं तेल तर अजिबात नाही. शेंगदाणे बुरशीचा वास येणारे असतील तर फेकून द्या, ‘पक्ष्यांना चालेल’ म्हणू नका. बुरसट शेंगदाण्यात विष तयार होतं, ते माणसाला वाईट तसंच पाखरालाही. एका वेळी दोनच भोकं भरा. संपलं की पुढची दोन. आठवडाभर कोणी खाल्लं नाही तर खरवडून टाका आणि उकळत्या पाण्याने भोकं धुवा.

मुंग्यांसाठी जुनी युक्ती केली. पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, आठवतं ना? तशी तारेच्या मधोमध एक छोटी वाटी पाण्याची. तिला भोक पाडून तार ओवली आणि भोक लाखेने बुजवलं. तारेवर वंगण लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात लहान पाखरं अडकतात.

तर असा सगळा थाट. आणि आलं कोण? पहिल्या दिवशी खार. दुसऱ्या दिवशी खार. तिसऱ्या दिवशी बुलबुलांची जोडी, मग साळुंक्या, खाली सांडलेल्या भरड्यावर चिमण्या. नातवाने वहीत नोंद ठेवली होती, त्यात ‘खार’ हा शब्द इतक्या वेळा आहे की ती वही खारीचीच वाटते. सुतार नाही. दोनदा ‘टुक-टुक-टुक’ ऐकून आम्ही धावत बाहेर आलो, तर तो तांबट. पुष्कळांची ही गल्लत होते. तो आवाज चोच आपटल्याचा नसतो, गळ्यातला असतो.

पौषात एकदा पाण्याची वाटी भरायची राहिली. ओंडक्यावर मुंग्यांची रांग लागली. आणि त्या दिवशी सकाळी साडेआठला सोनपाठी नर कडुनिंबावर आला, खोडावरून उलटा खाली सरकला, ओंडक्याला चिकटला आणि पाच मिनिटं मुंग्या टिपत बसला! लांब चिकट जीभ बाहेर, आत, बाहेर, आत. कुटाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाहुण्यांसाठी पुरणपोळी केली आणि पाहुण्यांनी ताटाखालच्या मुंग्या खाल्ल्या.

त्या दिवशी आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मुंग्या आणि त्यांची अंडी-कोष हेच याचं मुख्य अन्न. मिशिगनच्या डाऊनीला हिवाळ्यात चरबी लागते कारण तिथे सगळं गोठतं. आपल्या सुताराची उपासमार खाण्याअभावी होत नाही, मुंग्या बोरगावात बारा महिने आहेत. त्याला कमी पडतं ते वाळकं लाकूड. खायलाही तेच, राहायलाही तेच. आणि ते आम्ही होळीला दिलं होतं.

जरा वावरात जाऊन पाहा. संत्र्याची बाग जुनी झाली, डिंक्याने खोडं खाल्ली, की सगळीच्या सगळी झाडं एकदम निघतात. ते समजतं. पोट त्यावर आहे, नवीन कलमं लावायची असतात. पण त्याच झपाट्यात धुऱ्यावरची बाभूळ, कडुनिंब, आंबा यांतलं जे वाळलं असेल तेही सरपणात जातं. आणि मग आपणच संत्र्याच्या खोडात साल खाणाऱ्या अळीची जाळी दिसली की तार घालून, रॉकेलचा बोळा कोंबून, वर चिखल लिंपत बसतो. त्या भुश्याच्या जाळीत सोनपाठीला चोच घालताना आम्ही स्वतः पाहिलं आहे. काही शेतकरी मित्र म्हणतात की तोच झाडं पोखरतो. सुतार लाकूड खात नाही हो. लाकडात जे शिरलेलं असतं ते खातो. तो ठोकतो ते लाकूड बहुतेक वेळा आधीच आतून गेलेलं असतं.

आणि त्याने सोडलेलं भोक वाया जात नाही. पुढच्या वर्षी त्यात साळुंकी येते, पोपट येतो, पिंगळा येतो. त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. एक सुतार गावातल्या निम्म्या पाखरांची घरं बांधतो असं म्हटलं तर ते फार वाढवून सांगितलं असं होणार नाही.

इथे एक गोष्ट खास आपल्या मंडळासाठी. आपल्याकडे आणखी एक सुतार आहे, लहान, बुलबुलाएवढा. पाठ काळपट, तिच्यावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, नराच्या डोक्यामागे लाल पट्टी, पोटावर लाल डाग. त्याला मराठा सुतार म्हणतात. हे आपण अभिमानाने ठेवलेलं नाव नाही. जॉन लॅथम नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने 1801 साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं त्यात ‘महारट्टेन्सिस’ हा शब्द आहे, मराठ्यांच्या मुलुखातला या अर्थाने. 1956 साली आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर तिकडे गेलं. 2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात आलो. नातवाच्या हिंदी पुस्तकात तो कठफोड़वा आहे, आजीच्या तोंडी सुतार. पक्ष्याचं नाव मात्र दोनशे वर्षं मराठाच आहे. कै. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांच्या तोंडची अशी पाखरांची नावं गोळा करून पक्षिकोश केला. आपल्या वाचनालयात तो असावा, ही सूचना आम्ही कार्यकारिणीला लेखी दिली आहे आणि आता सर्वांसमक्ष तोंडीही देतो.

आता शेवटचा भाग. आंब्याचं बाकी लाकूड होळीत गेलं, पण बुंध्याचा दहा-अकरा फुटांचा तुकडा आरा मशीनवाल्याने घेतला नव्हता. आतून पोकळ, पोखरलेला, फळी निघणार नाही म्हणाला. तो वर्षभर घरामागे पडून होता. दुसरी होळी आली, पोरं पुन्हा दारात. ‘काका, तो ओंडका द्या.’ नाही म्हटलं तर पोरं रुसली, आणि त्यांच्या घरची मोठी माणसंही म्हणाली की सणाला लाकूड नाही म्हणू नये. दोन दिवस गल्लीत आमच्याशी कोणी धड बोललं नाही. शेवटी आम्ही पोरांना वखारीतून दोन मण लाकूड घेऊन दिलं आणि त्यांनाच कामाला लावलं. अडीच फूट खोल खड्डा खणला, खोड उभं केलं, दगडमुरूम ठोकून भरला आणि विहिरीच्या दगडी खांबाला लोखंडी पट्टीने आवळून टाकलं. चार पोरांनी लोंबकळून पाहिलं, हललं नाही.

कोणाचं झाड वाळलं असेल आणि पडायची भीती असेल तर ती भीती खरी आहे, आम्ही ती मोडीत काढत नाही. फांद्या उतरवा. वरचा भार उतरवा. पण बुंधा दहा-बारा फूट उभा ठेवा. घरापासून, विजेच्या तारांपासून लांब असेल तर तो कोणाच्या डोक्यावर पडत नाही. आणि तोडायचंच असेल तर दिवाळीच्या आसपास तोडा. जानेवारी ते जुलै यांची वीण चालते. तोडण्याआधी खाली उभं राहून अर्धा तास वर बघा. आम्ही ते अर्धा तास बघणं केलं नव्हतं.

त्या उभ्या खोडाला वर्ष झालं. आता बोरगावच्या पावसाने त्यावर भूछत्रं आली आहेत, बुंध्याशी वाळवीही लागली आहे, आणि मंडळी ती बघून नाक मुरडतात. सोनपाठी आठवड्यातून दोन-तीनदा येतो, मुंग्या टिपतो, जातो. भोक पाडलं ते मात्र त्याने नाही. माघात मराठा सुतार आला. एवढासा जीव, पण दहा-बारा दिवस सकाळी सहाला ठोकाठोकी सुरू. खाली ताटभर भुसा पडला. वीण झाली नाही, पण तेव्हापासून नर रात्री त्यातच झोपतो. दिवे लागायच्या वेळेला येतो, खोडाला एक प्रदक्षिणा घालतो, भोकाशी थांबून दोन्हीकडे बघतो आणि आत जातो.

संत्र्याचा ओंडकाही अजून टांगलेला आहे. या थंडीत पुन्हा भरू. खारींची सवय मोडवत नाही.

उद्या संध्याकाळी सव्वासहापर्यंत ज्यांना यायचं त्यांनी मागच्या गल्लीतून या. पुढच्या दारी कुत्रा आहे. मुलांनी टॉर्च आणू नये, आणि ढोलवाल्या पथकाला विनंती आहे की साडेसहाला आमच्या विहिरीकडून न जाता शाळेकडून जावं. चहा आहेच.